परक्या घराचा आवाज : एका जोडणीचा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो, तो बहुधा यंत्रांचा इतिहास असतो. रेडिओ केव्हा आला, चित्रवाणी केव्हा आली, ध्वनिमुद्रिकेची जागा कॅसेटने आणि कॅसेटची जागा सीडीने केव्हा घेतली, याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु एका कारखान्यात घडलेल्या यंत्राचा आवाज दुसऱ्या कारखान्यातल्या यंत्रातून ऐकू यावा, यासाठी काय करारमदार झाले, कोणते टिकले आणि कोणते मोडले, याची कथा सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या मधल्या जागेचा आहे. उंची बिनतारी स्पीकर एका कंपनीचे आणि टीव्ही दुसऱ्या कंपनीचा, अशा वेळी त्या दोघांना एकत्र कसे आणायचे, हा तो प्रश्न. वरवर पाहता हा सधन दिवाणखान्यातला किरकोळ तंटा वाटेल. पण प्रमाण कोण ठरवतो, आणि ठरवलेल्या प्रमाणाचे पालन कोण करतो, हा भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्नच त्याच्या तळाशी आहे.

मुळात असे स्पीकर लागतातच का, हे आधी पाहू. काचेच्या नळीचे जुने टीव्ही अवजड आणि खोल असत. त्या पेटीत प्रेक्षकाकडे तोंड करून स्पीकर बसवायला जागा असे. पडदे सपाट होत गेले तशी ही जागा नाहीशी झाली. खर्जातला आवाज निर्माण करायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि दोन बोटांच्या जाडीत ते साधत नाही. त्यामुळे चित्र जसजसे श्रीमंत होत गेले तसतसा टीव्हीचा स्वतःचा आवाज गरीब होत गेला. चित्र आणि ध्वनी यांची घरे विभक्त झाली, आणि विभक्त घरांत व्यवहार आला.

या व्यवहारात तीन गोष्टींची देवाणघेवाण व्हावी लागते. पहिली म्हणजे प्रत्यक्ष आवाज. दुसरी जाग: टीव्ही सुरू झाला हे स्पीकरला कळले पाहिजे, आणि तो बंद झाला हेही. तिसरी हुकमत: हातातल्या रिमोटने आवाज वाढवला तर तो नेमका कोणी वाढवायचा, टीव्हीने की स्पीकरने? उंची स्पीकर हे आपला अॅम्प्लिफायर पोटात बाळगणारे स्वयंपूर्ण यंत्र असते. म्हणून जाग आणि हुकमत यांचा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. या तिन्ही गोष्टींकडे लक्ष ठेवून गेल्या शतकाकडे पाहिले, तर एक सूत्र स्पष्ट दिसते. आवाज सर्वत्र पोहोचतो. जाग आणि हुकमत मात्र कंपन्यांनी आपल्या उंबरठ्याच्या आत ठेवलेली असतात.

पिनांचे गणराज्य

टेलिफोनच्या स्विचबोर्डावर १८७०च्या दशकाच्या अखेरीस जी पाव इंच व्यासाची पिन आली, तिचे वंशज आजही इलेक्ट्रिक गिटारला लागतात. पुढे अमेरिकेतील आरसीए या कंपनीने ग्रामोफोनचा आवाज रेडिओच्या पेटीतून काढण्यासाठी एक साधी, स्वस्त पिन वापरात आणली. मध्ये एक दांडी आणि भोवती एक कडे, एवढाच तिचा संसार. तिच्यातून केवळ आवाज जातो. जाग नाही, हुकमत नाही. परंतु याच अल्पसंतुष्टपणामुळे ती कोणाच्याही यंत्राला चालली. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, त्यामागून व्हीसीआर आणि नंतर व्हीसीडीची यंत्रे आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या रंगांच्या ज्या पिना परिचित झाल्या, त्या याच कुळातल्या. यंत्र कोणाचे हे कधी विचारावे लागत नसे. रंगाला रंग जुळवला की काम झाले.

युरोपात वेगळी परंपरा होती. जर्मनीच्या प्रमाणसंस्थेच्या नावाने ओळखली जाणारी पाच टोकांची गोल 'डिन' पिन तिथल्या ध्वनियंत्रांत रूढ होती. टीव्हीच्या बाबतीत निर्णायक पाऊल फ्रान्सने उचलले. तेथील रेडिओ व टीव्ही उत्पादकांच्या संघाने एकवीस टोकांचे एक रुंद सॉकेट सिद्ध केले. संघाच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याला 'स्कार्ट' म्हणतात. १९८०पासून फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या टीव्हींवर ते बंधनकारक झाले. परदेशी मालाला अटकाव करणे हाही त्यामागचा एक हेतू होता, असे अनेकांनी म्हटले आहे. हेतू काहीही असो, परिणाम महत्त्वाचा. स्कार्टमध्ये आवाज आणि चित्र तर होतेच, पण एका टोकावरचा विद्युतदाब टीव्हीला 'व्हिडिओ यंत्र सुरू झाले आहे' असे कळवी आणि टीव्ही आपोआप त्या यंत्राकडे वळे. आणखी एका टोकावरून यंत्रांनी परस्परांना सूचना द्याव्यात, अशीही सोय पुढे झाली. म्हणजे आवाजाबरोबर जाग, आणि काही अंशी हुकमतही, सार्वजनिक प्रमाणात आली. हे राज्यसत्तेच्या सक्तीने घडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्ट्रुअरची गोष्ट

खाजगी जोडणीचा इतिहास पाहण्यासाठी डेन्मार्ककडे वळू. जटलंडमधील स्ट्रुअर या छोट्या गावात पीटर बँग आणि स्वेन ओलुफसेन या दोन तरुण अभियंत्यांनी १९२५ साली आपली कंपनी स्थापन केली. ओलुफसेन कुटुंबाच्या क्विस्ट्रुप येथील वाड्यातल्या माळ्यावर त्यांचे प्रयोग सुरू झाले. ज्या वस्तूने त्यांना पहिले व्यापारी यश मिळवून दिले तिचे नाव होते 'एलिमिनेटर'. त्या काळी रेडिओ बॅटरीवर चालत. तो घरातल्या विजेवर चालावा म्हणून मध्ये बसवायचे हे उपकरण. पुढे 'आमचे सर्व काही आमच्याशीच जुळते' यासाठी ख्यातनाम झालेल्या कंपनीची सुरुवात अशा वस्तूने व्हावी, जिचा सारा उपयोग घरात आधीच असलेल्या यंत्राला जोडून घेण्यात होता, यातली गंमत कोणाच्याही लक्षात येईल.

कालांतराने बँग अँड ओलुफसेनचे टीव्ही, रेडिओ, ग्रामोफोन आणि स्पीकर हे एक संपूर्ण कुटुंब झाले. या कुटुंबाची आपसांतली बोली होती. 'बिओलॅब' नावाचे त्यांचे स्पीकर स्वतःचा अॅम्प्लिफायर बाळगणारे. त्यांना टीव्हीशी जोडणाऱ्या तारेला कंपनीने 'पॉवर लिंक' असे नाव दिले होते. या तारेतून आवाजाच्या जोडीला एक छोटा विद्युतदाब जाई. टीव्ही लागला की तो दाब स्पीकरपर्यंत पोहोचे, स्पीकरवरचा तांबडा दिवा हिरवा होई. टीव्ही मालवला की पुन्हा तांबडा. घरधन्याला काही करावे लागत नसे. एकाच कुळातली ही सोय मोठी देखणी होती, यात शंका नाही.

पण घरात परका टीव्ही आला की हे सारे विसकटे. आवाज नेण्यासाठी तारेचे एक टोक बदलून घेता येई. तो प्रश्न फारसा अवघड नव्हता. अडचण जागेची होती. यावर तोडगा म्हणून पुष्कळ कंपन्यांच्या स्पीकरांत आवाज आला की आपोआप जागे होण्याची योजना असते. ही योजना ऐकायला सोपी आहे. तिचा स्वभाव मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने विचार करावा असा आहे. अशा यंत्राला शांततेचा अर्थ एकच कळतो: कोणी नाही. नाटकातला वा चित्रपटातला दीर्घ विराम, जिथे सगळा अर्थ साठलेला असतो, तो त्याच्या लेखी रिकामा काळ. विराम पुरेसा लांबला तर ते झोपी जाते; पुढचे वाक्य आले की दचकून उठते, आणि उठता उठता त्या वाक्याची पहिली अक्षरे गिळते. जागेची सूचना स्वतंत्रपणे मिळाली नाही तर यंत्र मौन आणि अभाव यांत भेद करू शकत नाही.

एक भाषा, अनेक नावे

दरम्यान आवाज अंकीय झाला. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची सीडी आली. या दोघांच्या नावांनीच ओळखला जाणारा अंकीय ध्वनीचा संकेत रूढ झाला. आणि १९८३ साली तोशिबाने हाच संकेत प्रकाशाच्या रूपाने वाहून नेणारी 'टॉसलिंक' ही तार आणली. तिच्या टोकाशी दिसणारा तांबडा प्रकाश पुष्कळांनी पाहिला असेल. आजही अनेक टीव्हींच्या पाठीमागे ती खाच असते, आणि परक्या स्पीकरांना जोडण्याचा तो बरा मार्ग आहे. पण आरसीएच्या पिनेप्रमाणे तीही केवळ आवाज नेते. जाग आणि हुकमत पुन्हा बाहेरच.

डिसेंबर २००२मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआय ही जोडणी जाहीर केली. चित्र, ध्वनी आणि परस्पर-सूचना, सारे एका तारेत. या सूचनांची जी परिभाषा होती तिचे मूळ स्कार्टच्या त्या एका टोकात सापडते. म्हणजे फ्रेंच सॉकेट मेले तरी त्याची वाणी नव्या देहात आली. २००९मध्ये याच तारेतून टीव्हीने आपला आवाज उलट दिशेने स्पीकरकडे पाठवण्याची सोय झाली; २०१७मध्ये तिचा विस्तार होऊन बहुस्तरीय ध्वनी अखंड रूपात जाऊ लागला. कागदावर पाहता तिन्ही गरजा भागल्या.

व्यवहारात काय झाले? या परस्पर-सूचनांच्या एकाच परिभाषेला सॅमसंगने 'अनीनेट प्लस' म्हटले, एलजीने 'सिंपलिंक', सोनीने 'ब्राव्हिया सिंक', पॅनासॉनिकने 'व्हिएरा लिंक'. ग्राहकाने नाव वाचले की त्याला वाटावे, ही या कंपनीची खास विद्या. ती दुसऱ्याच्या यंत्राशी कशी जमेल? शिवाय परिभाषेतले कोणते शब्द उच्चारायचे आणि कोणते गाळायचे याचे बरेचसे स्वातंत्र्य प्रत्येकाला होते. परिणामी एकाचा टीव्ही दुसऱ्याच्या स्पीकरला उठवी, पण झोपवीत नसे. किंवा आवाज वाढवी, पण पडद्यावर त्याची पातळी दाखवीत नसे.

या ठिकाणी आपल्याला स्वतःच्या अनुभवाची आठवण व्हावी. मराठी संगणकावर आली तेव्हा प्रत्येक फाँटची अक्षररचना निराळी होती. एका फाँटमध्ये टंकलिहिलेला लेख, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. मजकूर नाहीसा झालेला नसे. त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय प्रमाण १९९१मध्ये कागदावर आलेले होते, तरी बाजार आपल्या वाटेने चालत राहिला. युनिकोड सर्वदूर पोहोचल्यावरच मराठी मजकूर फाँटच्या मालकीतून सुटला. प्रमाण असणे आणि प्रमाण पाळले जाणे यांतले अंतर आपण मराठीच्या बाबतीत भोगले आहे. टीव्ही आणि स्पीकर यांच्यामधले अंतर त्याच जातीचे.

तार गेली, मेख राहिली

आता बिनतारीकडे. हा शब्द मराठीत रेडिओच्या आरंभकाळापासून आहे, आणि त्यात मुक्ततेची एक छटा आहे. वस्तुस्थिती अशी की बिनतारी स्पीकरलाही विजेची तार लागतेच; गेलेली असते ती केवळ आवाजाची तार. आणि तारेबरोबर एक मोठी सोय गेली. तार कोणत्याही खाचेत बसत असेल तर बसते, नसेल तर बसत नाही. हे डोळ्यांना दिसते. हवेतला करार दिसत नाही.

सर्वांना परिचित असलेला बिनतारी करार म्हणजे ब्लूटूथ. त्याचे नाव एका ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेने आले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९९७मध्ये इंटेलचे जिम कार्डाक यांनी हे नाव सुचवले. एरिक्सनच्या स्वेन मॅटिसन यांच्याशी झालेल्या गप्पांतून स्वीडिश लेखक फ्रान्स बेंग्टसन यांची व्हायकिंगांवरील 'द लॉन्ग शिप्स' ही कादंबरी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. दहाव्या शतकातला डॅनिश राजा हॅरल्ड 'ब्लूटूथ' याने डॅनिश लोकांना एकत्र आणले, तसे हे तंत्र निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकत्र आणील, अशी कल्पना. नाव तात्पुरते होते, ते टिकले. त्या राजाच्या नावातील आद्याक्षरांच्या रून लिपीतील खुणा जोडून ब्लूटूथचे चिन्ह झाले. त्याचा जेलिंग येथील शिलालेखही जटलंडमध्येच, स्ट्रुअरच्याच द्वीपकल्पात आहे.

ब्लूटूथने कंपन्या खरोखर एकत्र आणल्या. कोणत्याही टीव्हीचा आवाज कोणत्याही स्पीकरात आणण्याचा तो सर्वांत उदार मार्ग. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. आवाज दाबून लहान करणे, हवेतून पाठवणे, पुन्हा उलगडणे यांत सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. गाण्याला त्याने काही बिघडत नाही; संवादाला बिघडते, कारण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. मागे पडलेला आवाज आपण अधिक सोसतो, याचे कारण निसर्गातच आहे. ध्वनी प्रकाशापेक्षा मंद. चौतीस मीटरांवरून आलेल्या शब्दाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतला प्रेक्षक हा उशीर नकळत पत्करत आला आहे. पण दिवाणखान्यात दहा फुटांवर बसलेल्याला ही सवलत देता येत नाही.

उंची स्पीकरांच्या उत्पादकांना ब्लूटूथ म्हणूनच पुरेसे वाटले नाही. २०११मध्ये 'वायसा' ही संघटना स्थापन झाली. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून न दाबलेला आवाज अवघ्या काही मिलिसेकंदांत अनेक स्पीकरांना एकाच वेळी पोहोचवावा आणि निरनिराळ्या कंपन्यांचे टीव्ही व स्पीकर परस्परांशी जुळावेत, असा तिचा संकल्प. २०१३मध्ये बँग अँड ओलुफसेनने या तंत्रावर आधारलेले बिओलॅब १७, १८ आणि १९ हे स्पीकर आणले. त्यांच्याबरोबर आणखी एक वस्तू आली: 'बिओलॅब ट्रान्समीटर १' ही लहान पेटी. परक्या कंपनीच्या टीव्हीचा आवाज तिच्यात घ्यायचा आणि तिने तो हवेतून बिओलॅब स्पीकरांना द्यायचा. आपल्या ग्राहकाच्या घरातला टीव्ही आता आपलाच असेल असे नाही, याची ती कबुली होती. एलिमिनेटरनंतर सुमारे पाऊण शतकाहून अधिक काळाने कंपनी पुन्हा परक्या यंत्राच्या दाराशी येऊन उभी राहिली.

पुढचे टप्पे त्याच दिशेचे. २०१६मध्ये तिने टीव्हीसाठी एलजीशी सहकार्य जाहीर केले आणि २०१७मध्ये एलजीच्या पडद्यावर आधारलेला बिओव्हिजन एक्लिप्स आला. २०१९मध्ये एलजीने आपल्या काही टीव्हींत वायसाची तयारी ठेवली. पण प्रत्यक्ष प्रसारण करणारा खडा वेगळा घेऊन यूएसबीच्या खाचेत लावावा लागे. बहुतेक टीव्ही-उत्पादक या करारापासून दूरच राहिले. त्यांचा ओढा उलट दिशेला होता. उदाहरणार्थ, सॅमसंगने २०२०मध्ये 'क्यू-सिंफनी' आणली. तिच्यात टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आणि साउंडबार एकदिलाने वाजतात, पण साउंडबारही सॅमसंगचाच हवा. २०२२मध्ये बँग अँड ओलुफसेनने 'बिओसाउंड थिएटर' आणला. त्यात आवाजाची यंत्रणा ही घराची स्थायी वस्तू आणि पडदा बदलता. तो एचडीएमआयने जोडायचा, जुने-नवे बिओलॅब स्पीकर तारेने किंवा हवेतून.

कोणाचे आयुष्य मोठे?

या शेवटच्या रचनेत सगळ्या वादाचे मर्म आहे. चांगला स्पीकर ही दीर्घायुषी वस्तू. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे स्पीकर आजही उत्तम वाजतात. टीव्हीचे आयुष्य त्या मानाने अल्प. म्हणून एकदा घेतलेल्या स्पीकराला त्याच्या हयातीत चार-पाच टीव्ही पाहावे लागणार, आणि ते सर्व एकाच घराण्यातले असणार नाहीत. तार होती तोवर हे शक्य होते, कारण तारेला स्मरण नसते आणि कोणाची परवानगी लागत नाही. बिनतारी स्पीकर मात्र सॉफ्टवेअरवर जगतो. २०२०च्या आरंभी सोनोस या अमेरिकन कंपनीने आपल्या काही जुन्या यंत्रांना मे महिन्यानंतर नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांत क्षोभ उसळला आणि कंपनीच्या प्रमुखांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. स्पीकरचे लाकूड, चुंबक, पडदे सारे धडधाकट. संपत आला होता तो करार.

यावर उपाय सक्तीचा की स्वेच्छेचा? युरोपीय संघाने मोबाइल फोन आणि तत्सम उपकरणांच्या चार्जिंगसाठी एकच खाच २८ डिसेंबर २०२४पासून बंधनकारक केली. स्कार्टनंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी राज्यसत्ता पुन्हा पिनांच्या प्रश्नात उतरली. टीव्हीकडून स्पीकरकडे जाणाऱ्या बिनतारी आवाजाला असे बंधन नाही. ब्लूटूथच्या नव्या पिढीत, २०२२पासून 'ऑराकास्ट' या नावाने, एका टीव्हीचा आवाज एकाच वेळी कितीही आणि कोणाच्याही यंत्रांना, श्रवणयंत्रांनासुद्धा, देण्याची योजना आली आहे. तिचे भवितव्य तंत्रावर कमी आणि कंपन्यांच्या इच्छेवर अधिक अवलंबून आहे.

प्रमाण ही निर्मळ गोष्ट नसते, हे प्रमाणभाषेच्या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. एचडीएमआय वापरायला उत्पादकाला शुल्क द्यावे लागते, आणि तिच्यातून जाणाऱ्या चित्रावर नक्कल रोखणारे कुलूप असते. स्कार्टमागे स्वदेशी मालाच्या संरक्षणाचा संशय होता. तरीही प्रमाणाच्या अभावी जे उरते ते स्वातंत्र्य नसते. प्रत्येक घराण्याची वेगळी कैद असते. ब्रँडला आपले कुटुंब जपण्याचा हक्क आहे, आणि एकाच हाताने घडवलेल्या यंत्रांत जो मेळ असतो तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु ऐकणाऱ्याचा कान हा कोणाच्या कुटुंबाचा सभासद नाही.

आरसीए ही कंपनी १९८६मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ताब्यात गेली आणि पुढे तिचे तुकडे होऊन ती विखुरली. ज्या कंपनीच्या नावाने ती पिन ओळखली जाते, ती कंपनी आज अस्तित्वात नाही, पिन आहे. तिच्यातून आवाज न्यायला कोणाचे खाते लागत नाही, कोणाचे सॉफ्टवेअर लागत नाही. तिने थोडेच द्यायचे कबूल केले होते आणि तेवढे ती सर्वांना देत राहिली. बिनतारी आवाजाच्या इतिहासात असा एखादा मालकावाचून जगणारा करार अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत परक्या टीव्हीचा आवाज आपल्या स्पीकरात आणण्यासाठी मध्ये एक लहानशी पेटी ठेवावी लागेल, आणि ती पेटी बनवणाऱ्याची मर्जीही सांभाळावी लागेल.